३० व्या वर्षी निवृत्ती, वर डोक्यावर कर्ज: आइस हॉकी बदलून टाकणाऱ्या बॉबी ऑरची गोष्ट

आइस हॉकी कधी पाहिली नसली, तरी एक फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. जुना, ब्लॅक अँड व्हाइट. एक खेळाडू बर्फाच्या वर, हवेत अक्षरशः आडवा तरंगतोय. हात पुढे पसरलेले, तोंड आनंदाने उघडं. पिक्चरमधला सुपरमॅनच जणू, फक्त पायात स्केट्स आणि हातात हॉकी स्टिक.

तारीख होती १० मे १९७०, ठिकाण बोस्टन गार्डन. हवेतल्या त्या खेळाडूचं नाव बॉबी ऑर. वय २२. त्याने नुकताच मारलेला गोल बोस्टन ब्रुइन्स संघाला २९ वर्षांनी स्टॅनली कप देऊन गेला होता.

यात नवल काय, असं वाटेल. फायनलमध्ये कुणीतरी गोल मारणारच. पण ऑर हा गोल मारण्यासाठी संघात नव्हताच. तो डिफेन्समन होता, म्हणजे बचावपटू. त्याचं काम गोल वाचवायचं. आणि या फोटोनंतर साडेआठ वर्षांत त्याने खेळ सोडला. तेव्हा त्याचं वय होतं ३०, डावा गुडघा कामातून गेला होता आणि ज्याला तो मोठ्या भावासारखा मानायचा त्या एजंटने त्याचे पैसे कुठे घालवले, याचा हिशेब लागत नव्हता.

डिफेन्समन नेमकं करतो काय?

भारतात आइस हॉकी खेळली जाते ती मुख्यतः लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर आणि लेहच्या रिंकवर. त्यामुळे आधी थोडी ओळख करून घेऊ.

एनएचएल, म्हणजे अमेरिका आणि कॅनडातली नॅशनल हॉकी लीग, ज्या रिंकवर खेळते ती साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन आणि एक गोलकीपर. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. स्केट्सवरचा वेग इतका असतो की खेळाडू मिनिटभरात दमतो. म्हणून खेळ न थांबवताच खेळाडू बदलत राहतात.

डिफेन्समनची जागा गोलकीपरच्या पुढची. समोरून येणाऱ्या फॉरवर्डला अडवायचं, धक्का देऊन कडेच्या फळीवर दाबायचं, पक हिसकावून आपल्या फॉरवर्डकडे ढकलायचा आणि परत जागेवर यायचं. ऑरच्या आधी बहुतेक कोच मुलांना हेच शिकवत. पुढे धावलास आणि पक गेला, तर मागे कोण आहे? प्रश्न रास्तच होता.

अर्थात सगळ्याचं श्रेय एकट्या ऑरला देणं बरोबर होणार नाही. १९३०च्या दशकात ब्रुइन्सचाच एडी शोर पक घेऊन पुढे मुसंडी मारायचा. १९५०च्या दशकात मॉन्ट्रियलचा डग हार्वी मागूनच सामन्याचा वेग ठरवायचा. पण हे अपवाद होते. क्रिकेटमध्ये विकेटकीपरने बॅटिंग केली तर बोनस, असं एके काळी मानायचे. मग अॅडम गिलख्रिस्ट आला आणि बॅटिंग न येणारा विकेटकीपर संघात बसेनासा झाला. ऑरने आइस हॉकीत साधारण तेच केलं, आणि तेही गिलख्रिस्टच्या तीस वर्षं आधी.

पॅरी साउंडचा पोरगा

रॉबर्ट गॉर्डन ऑरचा जन्म २० मार्च १९४८चा, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या पॅरी साउंडचा. जॉर्जियन बे नावाच्या विशाल उपसागराच्या काठी वसलेलं हे छोटं गाव. पाच भावंडांत बॉबी तिसरा. वडील डग हे स्वतः चांगले हॉकी खेळाडू होते, पण दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले आणि परतल्यावर स्फोटकांच्या कारखान्यात कामाला लागले. आई आर्वा.

अशा गावात हॉकी शिकायला अकॅडमी लागत नाही. थंडी पडली की नदी गोठते, उपसागराचा काठ गोठतो, आणि गावातली सगळी पोरं एकाच पकच्या मागे लागतात. वीस-पंचवीस जणांच्या त्या गर्दीत पक आपल्याकडे टिकवायचा, तर गिरक्या घ्याव्या लागतात, अचानक थांबावं लागतं, उलटं स्केटिंग करावं लागतं. पुढे एनएचएलमध्ये ज्या चालींनी लोक वेडे झाले, त्यांचं मूळ बरंचसं इथे आहे. लहानपणी तो फॉरवर्डही खेळला होता. लहान चणीच्या या मुलाला मागे डिफेन्सला उभं केलं ते गावातल्या कोचनी, कारण तिथून त्याला समोर सगळं रिंक दिसायचं.

१९६१ मध्ये गॅनानोक्वे या गावातल्या मुलांच्या स्पर्धेला बोस्टन ब्रुइन्सची मंडळी आली होती. ती आली होती दुसऱ्याच मुलांना बघायला. पण सगळ्यांत लहान दिसणारा एक पोरगा पूर्ण सामना आपल्या मर्जीने चालवतोय, हे पाहून ती थक्क झाली. बॉबी तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा.

त्या काळी एनएचएलमध्ये आजच्यासारखं ड्राफ्ट नव्हतं. संघाने मुलाकडून एका फॉर्मवर सही घेतली की तो मुलगा त्या संघाचा, जवळजवळ आयुष्यभरासाठी. त्यामुळे अशा पोरावर सगळ्या संघांचा डोळा असायचा. ब्रुइन्सच्या रेन ब्लेअरने ऑर कुटुंबाकडे खेपा घातल्या. संघाने पॅरी साउंडच्या मुलांच्या हॉकीला पैसेही पुरवले. अखेर १९६२ मध्ये १४ वर्षांच्या बॉबीने सही केली. मोबदला? थोडी रोख रक्कम, एक गाडी आणि घराच्या भिंतींना नवा गिलावा.

सही झाली आणि बॉबी ओशावा जनरल्स या ज्युनियर संघात गेला. तिथे समोर १९-२० वर्षांचे दांडगे तरुण असायचे. पहिल्या वर्षी आईने त्याला घर सोडू दिलं नाही. तो आठवडाभर पॅरी साउंडला शाळेत जायचा, संघाबरोबर सरावही करत नसे, फक्त सामन्यांसाठी तासन्‌तास गाडीने प्रवास करून ओशावाला पोहोचायचा.

वकील आला आणि हिशेब बदलला

१८ व्या वर्षी ऑर एनएचएलच्या दारात उभा राहिला तेव्हा ब्रुइन्सची अवस्था केविलवाणी होती. सहा संघांच्या लीगमध्ये हा संघ बहुतेक वेळा तळाशीच असायचा. बोस्टनकर वर्षानुवर्षं ऐकत होते की ऑन्टारियोतून एक पोरगा येणार आहे, तो सगळं बदलणार आहे.

संघाला त्याची किती गरज आहे, हे त्याच्या वडिलांना कळत होतं. पण पगाराची बोलणी कशी करायची, हे कळत नव्हतं. त्या काळात खेळाडू एकटाच मॅनेजरच्या ऑफिसात जायचा, समोर आकडा यायचा, आणि तो सही करून बाहेर पडायचा. १९५७ मध्ये डेट्रॉइटचा टेड लिंडसे आणि वर उल्लेख आलेला डग हार्वी यांनी खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला होता. मालकांनी ती मोडून काढली. लिंडसेला थेट लीगच्या शेवटच्या संघात, शिकागोला पाठवून दिलं.

डग ऑरनी मदत मागितली ती टोरंटोच्या अॅलन ईगलसन या तरुण वकिलाकडे. ईगलसन बोलण्यात पटाईत, आक्रमक, राजकारणातही मुरलेला. त्याने ब्रुइन्सची पहिली ऑफर धुडकावून लावली आणि १९६६ मध्ये तोवर कोणत्याही नवख्या खेळाडूला मिळाला नव्हता एवढा मोठा करार बॉबीला मिळवून दिला. ही बातमी ड्रेसिंग रूममधून ड्रेसिंग रूमकडे गेली. वर्षानुवर्षं संघासाठी हाडं मोडून घेणाऱ्या ज्येष्ठांच्या लक्षात आलं की १८ वर्षांच्या पोराला वकिलामुळे आपल्यापेक्षा जास्त मिळालं. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, खेळाडूंची संघटना खरोखर उभी राहिली आणि तिचा प्रमुख झाला ईगलसन.

हे लक्षात ठेवायला हवं. ईगलसनने खेळाडूंचं भलं केलंच नाही, असं नव्हे. सुरुवातीला त्याने केलं, म्हणून तर सगळ्यांनी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

५९, ६४, १२०

पहिल्या सीझनला ऑर सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. त्या वर्षी सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी न्यूयॉर्कच्या हॅरी हॉवेलला मिळाली. ती स्वीकारताना हॉवेल म्हणाला की बरं झालं ही आत्ताच मिळाली, कारण यापुढे ती ऑरचीच असणार आहे. लोक हसले. पण १९६८ पासून १९७५ पर्यंत, ओळीने आठ वर्षं, ती ट्रॉफी ऑरलाच मिळाली. आठ नॉरिस आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेल्या नाहीत.

आकडे सोपे करून पाहू. हॉकीत गोल मारला की एक पॉइंट आणि गोलसाठी पास दिला, म्हणजे असिस्ट केला, तरी एक पॉइंट. ऑरच्या आधी डिफेन्समनचा एका सीझनमधला विक्रम होता ५९ पॉइंट्सचा, शिकागोच्या पिएर पिलोटचा. १९६८-६९ मध्ये ऑरने तो ६४ वर नेला. ठीक आहे, विक्रम असेच थोडे थोडे पुढे सरकतात.

पुढच्या सीझनला त्याने १२० पॉइंट्स केले.

म्हणजे स्वतःचाच विक्रम जवळजवळ दुप्पट. आणि हे फक्त डिफेन्समनमध्ये नाही, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. गोल करणं हेच ज्यांचं काम, ते सगळे फॉरवर्ड मागे पडले. एनएचएलच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात डिफेन्समनने सीझनमध्ये सर्वाधिक पॉइंट्स करण्याचा प्रकार दोनदाच घडला, आणि दोन्ही वेळा तो बॉबी ऑरच होता. एकदा १९७० मध्ये, एकदा १९७५ मध्ये.

तो नेमकं करायचा काय? पक आपल्या गोलमागून उचलायचा आणि स्वतःच घेऊन निघायचा. समोरचा डिफेन्समन त्याच्या वेगाचा अंदाज बांधेपर्यंत तो वेग बदलायचा. मध्येच कडेला वळून गिरकी घ्यायचा. आणि चाल फसलीच तर उलट दिशेला असा सुटायचा की बऱ्याचदा पळून जाणाऱ्या फॉरवर्डच्या आधी स्वतःच्या गोलपाशी हजर. "मागे कोण आहे?" या कोचच्या जुन्या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं: मागेही मीच.

संघाचा एक खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर बसलेला असताना तर त्याचा खेळ बघण्यासारखा असायचा. अशा वेळी संघ पक लांब भिरकावून वेळ काढतात. ऑर तसं करत नसे. तो पक स्वतःकडेच ठेवून गोल गोल फिरत राहायचा, प्रतिस्पर्धी त्याच्या मागे लागायचे आणि घड्याळ पुढे सरकत राहायचं. जुन्या क्लिप्स यूट्यूबवर आहेत. चित्र धूसर असलं तरी ऑर कुठला हे शोधावं लागत नाही.

१९७०-७१ मध्ये १३९ पॉइंट्स, त्यातले १०२ असिस्ट. एका सीझनमध्ये शंभर असिस्ट करणारा तो पहिलाच खेळाडू. त्याच वर्षीचा आणखी एक आकडा हॉकीप्रेमींच्या चर्चेत हमखास येतो: अधिक १२४. याचा अर्थ असा की ऑर बर्फावर असताना त्याच्या संघाने जितके गोल केले, त्यातून तेव्हा संघावर झालेले गोल वजा केले (जादा खेळाडूच्या फायद्याने झालेले गोल यात धरत नाहीत), तर १२४ उरतात. ७८ सामन्यांत १२४. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. जो डिफेन्समन फक्त पुढे धावतो आणि मागे भगदाड ठेवतो, त्याचा हा आकडा असा असूच शकत नाही.

त्या गोलची गोष्ट

आता पुन्हा १० मे १९७० कडे. फायनलचा चौथा सामना, समोर सेंट लुइस ब्लूज. ब्रुइन्सने पहिले तिन्ही जिंकलेले. हा सामना ३-३ बरोबरीत सुटला आणि ओव्हरटाइम सुरू झाला. पहिला गोल मारेल तो जिंकेल.

चाळीस सेकंद. डिफेन्समनने अशा वेळी मागे राहायचं असतं. ऑर प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत कडेला घुसला, पक अडवला, कोपऱ्यातल्या डेरेक सँडरसनकडे दिला आणि थेट गोलसमोर धावला. पक हुकला असता तर सेंट लुइसच्या खेळाडूंना मागे मोकळं रान होतं. सँडरसनने पक परत दिला, ऑरने तो गोलकीपर ग्लेन हॉलच्या पायांमधून जाळ्यात सारला. त्याच क्षणी नोएल पिकार्डच्या स्टिकने त्याचे पाय उचलले आणि तो हवेत गेला.

फोटो काढला बोस्टनच्या एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर रे लुसिए याने. असं सांगतात की त्या टोकाचा स्टूल दुसऱ्या फोटोग्राफरचा होता, तो उकाड्याने हैराण होऊन बिअर आणायला गेला होता आणि लुसिए तिथे जाऊन बसला. तो परत येईपर्यंत सामना संपला होता.

आणखी एक गंमत: चार नंबरच्या ऑरने चौथ्या सामन्यात, चौथ्या पिरियडमध्ये, संघाचा चौथा गोल केला, आणि त्याला पाडणाऱ्या पिकार्डचा नंबरही चारच.

त्या सीझनला त्याला चार मोठे सन्मान मिळाले: सर्वोत्तम डिफेन्समन, सर्वाधिक पॉइंट्स, लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू आणि प्लेऑफचा सर्वात मौल्यवान खेळाडू. हे चारही एकाच सीझनमध्ये मिळवणारा तो एकटाच. १९७२ मध्ये ब्रुइन्सने पुन्हा कप जिंकला, तेव्हाही निर्णायक गोल ऑरचाच होता.

गुडघा

या सगळ्याची किंमत मात्र पहिल्याच सीझनपासून चुकवली जात होती. डिसेंबर १९६६ मध्ये टोरंटोच्या मार्सेल प्रोनोव्होने त्याला फळीवर आदळलं आणि डावा गुडघा दुखावला. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही.

डिफेन्समन मागे उभा असतो तेव्हा धक्का तो देतो. ऑर सुसाट पुढे जायचा, त्यामुळे धक्का त्याला बसायचा, तोही पूर्ण वेगात असताना, एका पायावर भार टाकून वळताना. ज्या खेळाने तो मोठा झाला, तोच खेळ गुडघा खात होता.

आज गुडघ्यातली गादी फाटली तर छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून ती शिवता येते किंवा अगदी थोडी कापून काढतात. १९६०च्या दशकात गुडघा उघडायचे आणि फाटलेली गादी काढून टाकायचे. गादी गेली की हाडावर हाड घासतं. काही महिने बरं वाटतं, मग हाडाचे कण सुटतात, गुडघा अडकतो, पुन्हा ऑपरेशन. ऑरच्या डाव्या गुडघ्यावर अशी डझनाहून अधिक ऑपरेशन्स झाली. अमुक एक ऑपरेशन चुकलं असं नाही. त्या काळचं वैद्यकशास्त्रच तेवढं होतं. पंधरा-वीस वर्षं उशिरा जन्मला असता तर कारकीर्द किती लांबली असती, हा हॉकीप्रेमींचा कायमचा वादाचा विषय.

१९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातली ती गाजलेली आठ सामन्यांची मालिका झाली. ऑर संघाबरोबर होता, पण ऑपरेशनमुळे एकही सामना खेळू शकला नाही. १९७४-७५ मध्ये त्याने ४६ गोल आणि १३५ पॉइंट्स केले. तो त्याचा शेवटचा पूर्ण सीझन. पुढच्या सीझनला जेमतेम दहा सामने.

आणि तरीही १९७६ मध्ये कॅनडा कप स्पर्धेत तो उतरला. सहकारी सांगतात की सकाळी त्याला धड चालता येत नसे आणि संध्याकाळी बर्फावर तो सगळ्यांत भारी असायचा. सात सामन्यांत नऊ पॉइंट्स, कॅनडा विजेता आणि ऑर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. देशाच्या जर्सीत मोठ्या स्पर्धेत खेळण्याची ती त्याची एकमेव वेळ. गुडघ्यात जे काही शिल्लक होतं, ते तिथे संपलं असं अनेकांना वाटतं.

१८.५ टक्के

याच काळात ब्रुइन्सबरोबरचा करार संपत होता. बोस्टनला तो हवा होता, पण गुडघ्याची धास्तीही होती. बोलणी करणारा अर्थातच ईगलसन. एव्हाना ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता, अनेक खेळाडूंचा एजंट होता, कॅनडा कपचा आयोजक होता आणि शिकागोच्या संघाचा मालक बिल वर्ट्झ याच्याशी त्याची मैत्रीही होती. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना त्याची खुर्ची. आज हे ऐकूनच कुणी सही करणार नाही. तेव्हा फार कुणी विचारलं नाही.

ब्रुइन्सने एक ऑफर दिली होती. पैशांबरोबरच संघाच्या मालकीतला १८.५ टक्के हिस्सा. ऑरचं म्हणणं असं की ईगलसनने हे त्याला कधी सांगितलंच नाही, उलट बोस्टनला तू नकोसा झालायस असंच भासवलं. ऑफरचा उल्लेख त्या वेळी वर्तमानपत्रात आला होता. पण ऑरने वर्तमानपत्रापेक्षा आपल्या माणसावर विश्वास ठेवला आणि १९७६ मध्ये तो शिकागो ब्लॅकहॉक्सकडे गेला. त्या हिश्श्याची आज किती किंमत झाली असती? ब्रुइन्सची गणना आज लीगच्या सर्वांत महागड्या संघांत होते, त्यावरून अंदाज बांधता येईल.

शिकागोत तो तीन सीझन मिळून फक्त २६ सामने खेळला. मधला एक अख्खा सीझन तर ऑपरेशननंतर बाहेरच बसून गेला. त्याने त्या काळातले पगाराचे चेक वटवले नाहीत. मला पैसे खेळायचे मिळतात, खेळत नसेन तर घेणार नाही, अशी त्याची भूमिका. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण ६५७ सामने, २७० गोल, ६४५ असिस्ट. पुढच्याच वर्षी हॉकी हॉल ऑफ फेमने तीन वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून ३१ वर्षांच्या ऑरला आत घेतलं.

आणि मग हिशेब उघडला. १९७१ मध्ये ज्याने वर्षाला २ लाख डॉलरचा करार केला होता, एनएचएलमधला पहिला दहा लाख डॉलरचा करार, त्या माणसाकडे जेवढी मालमत्ता होती त्याहून जास्त देणं निघालं. त्यात करांचा मोठा वाटा. पैशांचे सगळे व्यवहार ईगलसन बघायचा. ऑरने १९८० मध्ये त्याच्याशी संबंध तोडले.

कागद बोलू लागले

इथे गोष्ट संपली असती, कारण ईगलसन तेव्हा कॅनडातल्या सर्वांत वजनदार माणसांपैकी एक होता. पुढे १९८९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्येही स्थान मिळालं. ऑर काही बोलला तर तो कडवट झालाय असं लोक म्हणायचे.

पण खेळाडूंमध्ये कुजबुज वाढत होती. टोरंटोचा निवृत्त डिफेन्समन कार्ल ब्रूअर पेन्शनच्या पैशांचा हिशेब मागत होता आणि गप्प बसायला तयार नव्हता. बोस्टनजवळच्या लॉरेन्स शहरातल्या ईगल-ट्रिब्यून या छोट्या वर्तमानपत्राचा क्रीडा संपादक रस कॉनवे याने जुन्या खेळाडूंना एकेक करून गाठलं, कागद गोळा केले आणि १९९१ पासून मालिका छापायला सुरुवात केली. कॅनडातली मोठमोठी वर्तमानपत्रं ज्याला हात लावत नव्हती, ते काम अमेरिकेतल्या एका गावपातळीच्या पेपरने केलं.

बाहेर आलं ते असं: जखमी होऊन निवृत्त झालेल्या खेळाडूंना विम्याचे पैसे मिळवून देताना ईगलसन त्यांच्याकडून स्वतःची फी कापून घ्यायचा, खरं तर ते काम संघटनेचंच होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पैशांतही त्याने हात मारला होता. १९९४ मध्ये बोस्टनमध्ये त्याच्यावर आरोप ठेवण्यात आले. जानेवारी १९९८ मध्ये त्याने बोस्टन आणि टोरंटो अशा दोन्ही ठिकाणी फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. दहा लाख कॅनेडियन डॉलर दंड, १८ महिन्यांची शिक्षा. प्रत्यक्षात सहा महिने तुरुंगात काढून तो सुटला. वकिलीची सनद गेली, देशाचा ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मानही काढून घेतला गेला.

हॉल ऑफ फेमचं काय? ऑरसह १८ माजी खेळाडूंनी स्पष्ट सांगितलं की ईगलसन आत राहणार असेल तर आमची नावं काढा. त्याला बाहेर काढायचं की नाही याचा निर्णय होण्याआधीच ईगलसनने राजीनामा दिला.

पुढे काय झालं?

ऑरने जाहिराती करून, कंपन्यांसाठी काम करून हळूहळू देणी फेडली. आणि १९९०च्या दशकात त्याने जो धंदा निवडला तो पाहून कुणीही चमकेल: तो खेळाडूंचा एजंट झाला. आज जगातल्या सर्वोत्तम हॉकीपटूंमध्ये गणला जाणारा कॉनर मॅकडेव्हिड लीगमध्ये आला तेव्हा त्याचं काम ऑरच्याच कंपनीकडे होतं.

विक्रमांचं म्हणाल तर बरेच मोडले. आयलँडर्सचा डेनिस पॉटव्हिन, ब्रुइन्सचाच रे बोर्क असे डिफेन्समन एकूण गोल आणि पॉइंट्समध्ये त्याच्या पुढे गेले, अर्थात त्यांना खेळायला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं मिळाली. एका सीझनमधला ४६ गोलांचा विक्रम पॉल कॉफीने १९८५-८६ मध्ये ४८ गोल करून मोडला. त्याच सीझनला कॉफी १३९ पॉइंट्सच्याही मागे होता. त्याचे झाले १३८.

आज केल मकारसारखा डिफेन्समन पक घेऊन पुढे निघतो तेव्हा कोच ओरडत नाही, उलट संघाची चाल त्याच्याभोवतीच आखलेली असते. आणि बोस्टनमध्ये ब्रुइन्सच्या आताच्या मैदानाबाहेर, त्या गोलला बरोबर ४० वर्षं झाली त्या दिवशी, १० मे २०१० रोजी, ऑरचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तोही हवेत आडवा, लुसिएच्या फोटोत आहे तसाच.